पाकिटावरचं चित्र छोटं करा म्हणणाऱ्यांना उत्तर

परळकर

काल कराच्या चर्चेत घाऊकवाला जाता जाता लिहून गेले की सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारं इशाऱ्याचं चित्र निव्वळ देखावा आहे, गिऱ्हाईक त्याकडे ढुंकूनही बघत नाही, उलट त्यामुळे चोरट्या मालाचं फावतं, तेव्हा इशारा पुन्हा ४० टक्क्यांवर आणा. तिथे उत्तर द्यायला जागा पुरली नसती, म्हणून वेगळा धागा.

आधी मापं घ्या. वीसचं किंगसाइज पाकीट साधारण ५५ मिलिमीटर रुंद आणि ८८ उंच. ८५ टक्के म्हणजे वरच्या कडेपासून ७५ मिलिमीटर इशारा, त्यात ५३ चित्राचे, २२ मजकुराचे. कंपनीच्या नावाला तळाशी १३ मिलिमीटर उरतात, पुढेही आणि मागेही. ३१ मे २००९ पासूनच्या जुन्या नियमात इशारा ४० टक्के, म्हणजे जेमतेम ३५ मिलिमीटरचा होता आणि फक्त पुढच्या बाजूला. पाकीट पालथं ठेवलं की इशारा संपला, मागची अख्खी बाजू सोनेरी पट्ट्यांना मोकळी. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने वर्तमानपत्र, टीव्ही, होर्डिंग बंद झाल्यावर कंपनीच्या हातात जाहिरातीची जी थोडी जागा राहिली, त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे पाकीट. ती जागा परत मिळवण्याची ही मागणी आहे, हे निदान उघड बोला.

आणि कुणी बघतच नसेल तर एवढी लढाई कशासाठी झाली? १५ ऑक्टोबर २०१४ ला ८५ टक्क्यांची अधिसूचना निघाली, अंमल १ एप्रिल २०१५ पासून होता. १६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच आपल्याच नगरचे खासदार दिलीप गांधी, जे या नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते, म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे सांगणारा भारतीय अभ्यास नाही. नियम पुढे ढकलला गेला. समितीत विडी उद्योगातले एक खासदारही बसले होते. २०१६ मध्ये समितीने ५० टक्के सुचवले. राजस्थान उच्च न्यायालयाने लावून धरलं म्हणून १ एप्रिल २०१६ ला नियम लागू झाला, तर मोठ्या कंपन्यांनी नियमात संदिग्धता आहे म्हणत कारखाने बंद ठेवले. ४ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधी नियम पाळा. १५ डिसेंबर २०१७ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केले, ८ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. बिनकामाच्या चित्रासाठी कुणी एवढे वकील उभे करत नाही.

घाऊकवाला

इतिहास मलाही पाठ आहे. तुम्ही पाकीट मोजपट्टीने मोजलंत, आता ते दुकानात कसं ठेवतात तेही बघा. नियम पाकिटाच्या दोन सर्वात मोठ्या बाजूंना लागू आहे. राहिल्या दोन कडा, साधारण २२ बाय ८८ मिलिमीटरच्या, आणि वरचं-खालचं तोंड. तिथे कंपनीचा रंग आणि नाव शाबूत आहे. टपरीवरच्या कपाटात पाकिटं आडवी रचतात, कड गिऱ्हाइकाकडे करून, कारण तशी जास्त मावतात आणि कुठला माल संपत आला ते दुकानदाराला लगेच कळतं. गिऱ्हाइकाला चित्र दिसतं ते पैसे दिल्यानंतर.

चोरट्या मालाचं म्हणाल तर इंडोनेशियाची लवंगाची सिगारेट आणि पूर्वेकडून येणारी बारीक सिगारेट, दोन्हींवर आपलं चित्र नाही, किरकोळ किंमत नाही, आयातदाराचं नाव नाही. कॉलेजची पोरं ते पाकीट खिशात मिरवतात. देशी पाकीट ओंगळ आणि विदेशी देखणं, हा फरक तुमच्या नियमाने तयार केला.

आकडेमोड

दोघांनीही पुरावा दिलेला नाही. समर्थक नेहमी जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातला आकडा देतात: इशारा पाहून सिगारेट सोडण्याचा विचार आला म्हणणारे २००९-१० मध्ये ३८ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ६१.९ टक्के झाले. विडीवाले २९.३ वरून ५३.८. पण विचार आला म्हणजे सुटली असं नाही.

देशातला एकूण वापर ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर आला, तोही आकडा या नियमाच्या खात्यावर टाकतात. दुसऱ्या फेरीचं काम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं आणि ८५ टक्के लागू झाले होते एप्रिल २०१६ ला. सात वर्षांची घट चार महिन्यांच्या चित्राने होत नाही. त्या घटीचा काळ जवळजवळ सगळा ४० टक्के चित्रांचा आहे. करवाढ, गुटखाबंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, सगळं त्याच काळात चाललं होतं. कशामुळे किती घटलं हे या दोन फेऱ्यांवरून वेगळं काढता येत नाही, आणि जे काढून दाखवतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

परळकर

तारखांचा मुद्दा मान्य करावा लागतो, आवडला नाही तरी. पण मग तो घाऊकवाल्यांनाही लागू करा. ४० टक्क्यांवर परत गेल्याने काही बिघडणार नाही, याचाही पुरावा त्या सर्वेक्षणात नाही.

चोरटा माल स्वस्त असतो तो कर बुडवलेला असतो म्हणून. चित्र छोटं केल्याने सिगारेटच्या एका काडीचाही भाव बदलणार नाही. आणि विदेशी पाकीट देखणं दिसतं हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे पाकिटाच्या रूपाचा पोरांवर परिणाम होतो. मग आपलं ओंगळ ठेवण्यात चूक काय? कडांबद्दल बोललात ते बरोबर आहे, तो उपाय ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१२ पासून केला: सगळ्या कंपन्यांना एकच मळकट हिरवा-तपकिरी रंग, नाव ठरावीक टाइपात, कडांसकट. कपाटात आडवं रचा नाहीतर उभं, दिसतं तेच. तुमच्या तक्रारीवरचा इलाज नियम वाढवण्याचा आहे.

छपाईवाला

इथे चित्र बदलणं म्हणजे फाइल बदलणं असं समजून चर्चा चाललीय. सिगारेटचं पाकीट बहुतेक ग्रॅव्ह्यूरवर छापतात. प्रत्येक रंगाला तांब्याचा मुलामा दिलेला वेगळा सिलिंडर, त्यावर चित्र कोरतात. इशाऱ्याचं चित्र चार रंगांत आणि किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं, म्हणजे चार सिलिंडर त्याचेच. कंपनीचे खास रंग, सोनेरी, वार्निश वेगळे. दर बारा महिन्यांनी चित्र बदलतं तेव्हा दहाचं पाकीट, वीसचं पाकीट, प्रत्येक ब्रँड, प्रत्येक प्रकार असे संच नव्याने कोरावे लागतात.

झाकणाच्या पाकिटात अजून एक अडचण. इशारा वरच्या कडेला लागतो आणि झाकणाची फट नेमकी चित्रातून जाते. घडीची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर चेहरा दुभंगलेला दिसतो. तपासणीत पहिली हरकत त्यावरच येते.

आता खरी चोरी कुठे होते ते सांगतो. मोठ्या कंपनीत माप चुकत नाही. लाल पट्टीवरचा पांढरा मजकूर आणि काळ्या पट्टीवरचा १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर ठरल्या प्रमाणात असतो. चोरी होते ती जर्द्याच्या पुडीवर. इशारा ३.५ बाय ४ सेंटिमीटरपेक्षा लहान चालत नाही. लाल शाईत कपात केली की चित्र वीटकरी होतं, काळं जास्त चढवलं की जखम दिसतच नाही, नुसता डाग. माप बरोबर, चित्र मेलेलं. मोजपट्टी लावणारा अधिकारी मोजून निघून जातो. नियमात माप आहे तसे शाईच्या घनतेचे आकडे घाला आणि छपाईवाल्यालाही जबाबदार धरा, मग बघा.

मराठी_पाटी

भाषेवर कुणीच बोललं नाही. पाकिटावर फक्त इंग्रजी असेल तर इशाराही फक्त इंग्रजीत, २००३ च्या कायद्याचं कलम ९ तसंच आहे. महागड्या सिगारेटींवर एक अक्षर मराठी नसतं, म्हणून परभणीच्या टपरीवर इंग्रजी इशारा विकला जातो. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण भांडतो, आणि मरणाचा इशारा इंग्रजीत चालवून घेतो. ज्या राज्यात माल विकायचा त्या राज्याची भाषा सक्तीची करा.

छपाईवाला

राज्यागणिक भाषा म्हणजे मजकुराचा सिलिंडर राज्यागणिक. होतं, अशक्य नाही, पण माल एका राज्यातून दुसऱ्यात वळवता येणार नाही. कंपन्या त्यालाच विरोध करतील. चित्र यासाठीच आणलं की वाचता न येणाऱ्यालाही कळावं.

चांदावाला

राजेहो, तुम्ही पाकिटावरच अडकले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तंबाखू पाकिटातून तोंडात जातच नाही. खर्रा! पानठेल्यावर सुपारीची कतरण, वरून जर्दा, चुन्याचं पाणी, प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन फळीवर घोटायचं. आता तर मोटर लावलेल्या मशिनी आल्या. घोटून झालं की त्याच पन्नीत गाठ मारून हातात. ८५ टक्क्यांचं चित्र बघितलं कोणी? ज्याने जर्द्याचा डबा फोडला त्या पानठेलेवाल्याने. खाणाऱ्याच्या हातात कोरी पन्नी.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचे आकडे पाहा. २०१६-१७ मध्ये तंबाखू वापरणारे २६.६ टक्के. त्यात ओढणारे ३.८, बिनधुराची खाणारे-लावणारे २४.४. सिगारेटच्या पाकिटावर तुम्ही इतकं लिहिता, ते राज्याच्या तंबाखूच्या कोपऱ्यातलं दुकान आहे. बाया मशेरी लावतात. पानाची तंबाखू वजनावर आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची. तिला पाकीट कुठे आणि चित्र कुठे?

नगरी_नाना

खर्रा म्हणजे आमचा मावाच. नगर जिल्ह्यात मावा घासायची रीत जुनी आहे, विदर्भाने काही वेगळा शोध लावला नाही.

चांदावाला

शोधाचा मान तुम्हीच घ्या, त्यात मिरवण्यासारखं काय आहे? आमच्याकडे शाळकरी पोरं खातात, लग्नात ताटात ठेवतात. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम चालू आहे, गावागावात पानठेले बंद करायचे ठराव होतात, आणि ती कार्यकर्ती मंडळी पन्नी मोजतात, पाकिटं नाही मोजत. मुंबईत बसून चित्राची टक्केवारी भांडणाऱ्यांना हे दिसावं एवढंच म्हणतो.

परळकर

मुंबईत बसून म्हणायची गरज नव्हती. तोंडाच्या कर्करोगाचे विदर्भातले रुग्ण परळला टाटा रुग्णालयातच येतात, धर्मशाळेत आणि फूटपाथवर राहतात. ते कुणापासून लपलेलं नाही.

घाऊकवाला

चांदावाल्यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. सगळा जोर कायदेशीर, कर भरणाऱ्या पाकिटावर आणि बाकी रान मोकळं.

कलम_सात

खर्ऱ्यावर इशारा हवा म्हणणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या की खर्रा विकणंच बंद आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या विनियमांत, २.३.४ मध्ये, अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायला मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर त्याच आधारावर बंदी आहे. बंदीच्या मालावर इशारा छापायला सांगणं म्हणजे त्याला परवाना देणं. साधी सुपारी वेगळी कायदेशीर, बिनसुगंधाची तंबाखू वेगळी कायदेशीर, मिसळलं की बेकायदा. म्हणून कारवाई करणाऱ्याला घोटताना किंवा घोटलेला माल पकडावा लागतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात निकोटिन सिद्ध करावं लागतं. खर्रा मागणीप्रमाणे घोटतात, साठा सापडत नाही. कारवाई तिथे अडते.

सुट्ट्या सिगारेटचं वेगळं. २००३ च्या तंबाखू कायद्याच्या कलम ७ प्रमाणे इशारा नसलेल्या पाकिटाचा व्यापार करता येत नाही. सुट्टी विकली की इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, याच तर्कावर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि विडी विकायला बंदी घातली. तरी प्रत्येक टपरीवर सुट्टी मिळते. कारण सांगतो. सार्वजनिक जागी ओढणं हे कलम ४, अल्पवयीनांना किंवा शाळेपासून १०० यार्डांत विकणं हे कलम ६. या दोन्हींत कलम २८ खाली २०० रुपयांपर्यंत जागेवर पावती फाडून तडजोड होते. इशाऱ्याचा गुन्हा कलम २० खाली येतो, त्यात तडजोड नाही. विक्रेत्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्यासाठी खटला भरावा लागतो. पंचनामा, साक्षीदार, तारखा. एका सुट्ट्या सिगारेटसाठी कुठला उपनिरीक्षक ते करेल? म्हणून पावत्या सगळ्या ४ आणि ६ च्या फाटतात.

घाऊकवाला

सुट्टी बंद केली तर टपरीवाला मरतो. कामावर जाणारा माणूस एकच घेतो, वीसचं पाकीट घेत नाही. टपरीचा गल्ला त्याच्यावर चालतो.

कलम_सात

टपरीच्या गल्ल्यासाठी कायदा वाकवायचा असेल तर तसं लिहा, पाकिटाच्या मापाआड लपू नका. कालपासून चित्र कुणी बघत नाही म्हणताय. बघत नाही, कारण तुमच्या साखळीतला शेवटचा माणूस पाकीट फोडून विकतो!

सिन्नरकर

विडीवर कुणी बोलायला तयार नाही म्हणून बोलतो. विडीचा कट्टा, म्हणजे बंडल, शंकूसारखा असतो. अशा आकाराला इशारा समोरासमोरच्या दोन बाजूंवर, प्रत्येकी ८५ टक्के, असा नियम. प्रत्यक्षात पातळ कागदाचं एकच लेबल गुंडाळून डिंकाने चिकटवतात. लेबलाची एक कड दुसरीवर चढते आणि मागचं चित्र निम्मं झाकलं जातं. खाली निमुळत्या बाजूला कागद चुरगळतो, मजकूर वाचता येत नाही. कट्ट्याची जाडी पानावर आणि हातावर ठरते, दोन कट्टे सारखे नसतात, त्यामुळे लेबल नेमकं बसवणं यंत्राला जमत नाही. सिगारेटच्या डब्याचा नियम विडीवर टाकला की असं होतं. आणि सिन्नर, संगमनेर, सोलापूरच्या घराघरात विड्या वळणाऱ्या बायांचं काय? मजुरी हजार विड्यांवर मिळते. खप पडला की कंपनीआधी त्यांचं पान-तंबाखू बंद होतं.

परळकर

वळणाऱ्या बायांना पुढे करून मालक बोलतात, हे प्रत्येक वेळी होतं. तंबाखूची धूळ त्यांच्याच नाकातोंडात जाते. त्यांना दुसरं काम द्या म्हणून भांडा, मी सोबत आहे. त्यांच्या नावाने चित्र कमी करा म्हणू नका.

सिन्नरकर

चित्र कमी करा असं मी कुठे लिहिलं? शब्द तोंडात घालू नका. लेबल चढतं ही तांत्रिक गोष्ट सांगितली. उपाय आहे: लेबलावर दोनऐवजी तीन चित्रं सलग छापा, कसंही गुंडाळलं तरी दोन पूर्ण दिसतील. कागद थोडा जास्त लागेल. मालक नको म्हणतील, तिथे तुमचा राग काढा.

परळकर

तीन चित्रांची सूचना चांगली आहे.

छपाईवाला

सुट्टीवरही तोडगा आहे. कॅनडाने प्रत्येक सिगारेटवर इशारा छापायला लावला, नियम २०२३ चे, किंगसाइजला जुलै २०२४ अखेरपासून. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये तेच केलं. फिल्टरवर गुंडाळतात तो टिपिंग कागद, त्यावर छापतात. तो कागद अरुंद रिळांवर येतो आणि आपल्याकडेही त्यावर बुचाचे ठिपके किंवा सोनेरी रेघ आधीपासून छापतातच, म्हणजे छपाईचा टप्पा नवा नाही. ओठ लागतो म्हणून शाई खाद्यपदार्थांच्या दर्जाची हवी. काडीच्या घेरात शब्द बसवायचे तर फार तर चार-पाच, लांबीच्या दिशेने, दोनदा, म्हणजे कशीही धरली तरी एक दिसतो. विडीला हे जमणार नाही, पानावर छपाई धरत नाही.

घाऊकवाला

काडीवर छापायचं तर छापा, माझी हरकत नाही, निदान सुट्टी विकणाऱ्यावर खटल्याची टांगती तलवार राहणार नाही. पण चोरट्या मालावर ते असणार नाही हे लिहून ठेवा.

कलम_सात

उलट काडीवर इशारा नसेल तर चोरटा माल पाकिटाशिवायही ओळखू येईल. आज सुट्टी काडी देशी की चोरटी हे हातात घेऊन सिद्ध करता येत नाही. सुट्टीवरची बंदी मात्र तशीच राहिली पाहिजे.

ज्यांना तक्रार करायची त्यांनी आज एवढं करा. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि उत्पादनाच्या महिन्याचा फोटो घ्या. चित्र त्या महिन्याला लागू असलेलंच हवं. १ डिसेंबर २०२२ नंतर बारा महिने वेदनादायक मृत्यूचं, १ डिसेंबर २०२३ पासून तंबाखू घेणारे लवकर मरतात हे सांगणारं होतं; त्यापुढचं चालू अधिसूचनेत बघून घ्या. जुनं चित्र आणि नवा महिना असेल तर दोष उत्पादकाचा, आणि त्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. कलम १२ खाली झडती उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा पोलीस अधिकारी अथवा अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी घेऊ शकतो, हवालदाराकडे अर्ज देऊन उपयोग नाही. जप्त माल ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायला जिल्हा न्यायाधीशांची मंजुरी लागते, त्यामुळे उशिरा केलेल्या कारवाईत माल परत जातो. तक्रारीत दुकानापेक्षा उत्पादकाचं नाव आणि बॅच आधी लिहा.

चांदावाला

पाकिटाचं झालं, काडीचंही झालं. पन्नीचं कोण करणार? २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमात तंबाखूची विक्री प्लास्टिकच्या पुडीत करायला मनाई आहे. पन्नी हीच पुडी धरली तर नगरपंचायतीला पानठेल्यावर हात घालता येतो, प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही. कलम_सात साहेब, हे चालेल का ते सांगा, बाकीच्यांनी मधे मापं आणू नका.

कलम_सात

तर्क टिकण्यासारखा आहे. पन्नीसकट माल, तोलून, पंचांसमोर जप्त करायला हवा, आणि नोटिशीत अन्नसुरक्षा कायदा आणू नका, नाहीतर फाइल दोन खात्यांत फिरत राहील. नगरपंचायतीच्या ठरावाचा मसुदा करून उद्या इथेच टाकतो.